ती साल, ते साल

इनारी तळ्याच्या पलीकडे, रस्ता संपून
नुसती चिखलवाट उरते तिथे
इस्साक कुउवाने पाइनच्या बुंध्यावर हात ठेवला,
म्हाताऱ्या रेनडिअरच्या मानेवर ठेवावा तसा.
"ही बघा."

माणसाच्या उंचीएवढी जखम. लांबट, करडी.
कडांनी झाड आत सरकत आलेलं,
ओठ मिटत आलेत,
मिटले मात्र नाहीत अजून.

"खापरपणजीने सोलली, माग्गाने.
भुकेच्या साली. पाद्र्याच्या वहीत लिहिलंय:
इथली माणसं झाडं खातात."
हे तो खाली बघून म्हणाला.
ऐंशीचा माणूस,
आणि कुणाच्या तरी उपाशी पोटाची लाज
अजून त्याच्या मानेवर.

हिल्या काही बोलली नाही.
पोकळ गिरमिट काढलं, पात्याला मेण लावलं,
आणि किर्र, किर्र,
एक तुकडा जखमेच्या उघड्या लाकडातून,
एक पाठीमागून, सालीसकट.
शिसपेन्सिलीहून बारीक.
माझं काम सरबताच्या नळ्या धरायचं,
तुकडा आत सरकवायचा, वर नंबर घालायचा
आणि मनगटावरचे डास न मारता सोसायचे.

रात्रीचे अकरा. सूर्य खिडकीत तसाच.
तुकडे खाचेत चिकटवले, पॉलिशपेपरने घासले,
रेघ न् रेघ उघडी पडेपर्यंत.
मग भिंग. मग टाचणी:
दहाला एक टोचा, पन्नासला दोन, शंभराला तीन.

सोपं वाटतं. नाहीये.
एखादा उन्हाळा इतका गार, की झाड वलयच धरत नाही.
उपासही घडतो आणि वहीत नोंदही नाही.
म्हणून एकट्या झाडाच्या शब्दावर जायचं नाही, हिल्या म्हणते.
शेजाऱ्यांना विचारायचं. मेलेल्यांनाही.
तळ्याच्या गाळातून ओढून काढलेले ओंडके,
चर्चच्या तुळया,
सगळ्यांच्या पत्रिका मांडायच्या:
अरुंद, अरुंद, रुंद, पुन्हा अरुंद,
गुण जुळेपर्यंत.

दोनच्या सुमारास जुळले.

जखमेचा तुकडा थांबतो अठराशे एकोणतीसला.
शेवटचं वलय अर्धवट:
फिकट पेशींच्या चार ओळी, गडद काठ आलाच नाही.
म्हणजे जून. रस चढलेला, साल सैल.
तेच वलय पाठीमागच्या तुकड्यात पुरं झालंय,
रुंद, अंगाने भरलेलं. चांगला उन्हाळा.
भुकेचं साल त्यानंतर तिसरं,
केसाएवढं,
भिंग हललं की हरवतं.

सकाळी इस्साकच्या ओसरीवर हिल्याने एवढंच सांगितलं:
ती साल भुकेच्या सालची नव्हती.

बराच वेळ तो जाळं विणत राहिला.
मग म्हणाला, आई करायची.
शिंगाच्या पात्याने आतली साल सोलायची,
बर्चच्या सालीत गुंडाळून खड्ड्यात,
वर जाळ, दोन दिवस.
लाल व्हायची. गोड.
वसतिगृहाच्या शाळेत मी सांगून बसलो,
तर मास्तर सगळ्या वर्गासमोर: झाडखाऊ!
तेव्हापासून घरी म्हणायचो, नको मला.
आईने मग करणंच सोडलं.

थांबला. जाळ्याची गाठ चुकली होती, ती सोडवली.
"म्हणजे माग्गाला
आवडायची म्हणून?"
आणि हसला, इतका, की कुत्रं उठून बघायला आलं.

निघताना पुन्हा झाडाकडे नेलं त्याने.
आता जखमेकडे नाही, शेजारी बोट:
"बघा, एकाच बाजूची काढलीय.
झाड मरू नये, एवढी राखून."
गिरमिटाच्या भोकातून डिंक ओघळत होता,
तो अंगठ्याने दाबून बसवला.

"यंदाचं कसं आहे वलय?"

हिल्याने वर पाहिलं, शेंड्याकडे,
जणू तिथे लिहिलेलं असतं.
"चालू आहे अजून.
चार ओळी झाल्या असतील."